कथेतील पेठ आणि मातीतील पेठ



कथावाङ्मयात नगरे उदंड असतात. कुठे सोन्याचे प्राकार असतात, कुठे रत्नांचे दीप असतात, कुठे एखाद्या राक्षसाने ओसाड केलेली राजधानी असते. परंतु ज्या नगरात शिरताच वाचकाच्या कानी बाजारातील बोलणे पडते, अशी कथानगरे फार थोडी. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील सुप्रतिष्ठित हे नगर त्या थोड्यांपैकी एक होय. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरमध्ये राणी सूर्यमतीच्या मनोविनोदासाठी रचलेल्या या ग्रंथाची सृष्टी यक्ष, विद्याधर, शापभ्रष्ट गण आणि बोलणारे पशू यांची आहे. त्या अद्भुत सृष्टीत हे नगर वसलेले आहे. गुणाढ्य नावाचा तरुण विद्या संपादन करून आपल्या गावी परततो, तेव्हा रस्त्यात काही व्यापारी आपापल्या कर्तबगारीच्या बढाया मारीत उभे असतात. त्यांतला एक म्हणतो की, भांडवलाने भांडवल वाढविणे यात नवल ते काय? आपण भांडवलावाचून श्रीमंत झालो.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. वडील गेलेले, घरचे दारिद्र्य. आईच्या सांगण्यावरून तो विशाखिल नावाच्या सावकाराकडे जातो. सावकार दुसऱ्याच एका कर्जदाराला फैलावर घेत असतो. कुशल माणूस भुईवर पडलेल्या त्या मेलेल्या उंदरापासूनही धन उभे करील आणि तुला दिलेले दीनार तुला राखताही आले नाहीत, असा त्याचा शेरा असतो. मुलगा तो उंदीर उचलतो, तो कर्जाऊ घेतल्याची रीतसर लेखी नोंद करून देतो आणि सावकाराचे हसे कानाआड टाकून बाहेर पडतो. एका वाण्याच्या मांजरासाठी तो उंदीर दोन ओंजळी हरभऱ्यांना विकला जातो. हरभरे दळून, पाण्याची घागर घेऊन, तो गावाबाहेर चव्हाट्यावर सावलीत बसतो. उन्हातून आलेल्या मोळीविक्यांना तो गार पाणी आणि पीठ देतो, ते त्याला दोन दोन लाकडे देतात. ती लाकडे विकून पुन्हा हरभरे. असे होता होता एकदा तो तीन दिवसांचे सगळे लाकूड विकत घेऊन ठेवतो. त्यानंतर मुसळधार पाऊस लागतो, लाकूड दुर्मिळ होते, त्याचा माल शेकडो पणांना जातो आणि त्यातून दुकान उभे राहते. शेवटी तो सोन्याचा उंदीर घडवून सावकाराचे ऋण फेडतो आणि सावकार त्याला आपली मुलगी देतो.

मुलांना ही गोष्ट उद्योगाचा धडा म्हणून सांगतात. पण जरा निराळ्या नजरेने पाहिले, तर ही गोष्ट त्या मुलाइतकीच त्या नगराचीही आहे. मेलेल्या उंदराला किंमत येते, कारण तिथे मांजर पाळण्याइतका सुखवस्तू वाणी आहे. पाण्याच्या घागरीला किंमत येते, कारण तिथे चव्हाटा आहे आणि त्यावरून माणसे जात-येत आहेत. लाकडाला किंमत येते, कारण सरपण विकत घेऊन चूल पेटविणारी वस्ती तिथे आहे. आणि या सर्वांच्या मुळाशी, अनोळखी पोराच्या लेखी नोंदीला मान देणारा सावकार आहे. यातला एक दुवा काढून घेतला, तर उंदीर उकिरड्यावर जाईल आणि मुलगा उपाशी राहील. कथाकाराने यक्ष-गंधर्वांच्या गर्दीत व्यापारी नगराचे शरीरशास्त्रच सांगून ठेवले आहे.

या कथेतील नगरामागे एक मातीतले नगर उभे आहे. सुप्रतिष्ठित म्हणजेच प्रतिष्ठान, म्हणजे आजचे गोदाकाठचे पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका अज्ञात ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचे जे वर्णन लिहून ठेवले, ते ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. दक्षिणापथातील दोन पेठा तो विशेष महत्त्वाच्या म्हणून सांगतो. भडोचच्या दक्षिणेस सुमारे २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेस सुमारे १० दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीक जातीचे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड, नाना तऱ्हेची मलमल व इतर माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचला नेला जाई. उलट बाजूने भडोचला मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची नाणी उतरत.

हे तगर कोणते, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद होता. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी नावे पुढे आली. १९०१ साली फ्लीट यांनी तेरणा नदीकाठचे तेर हेच तगर, असे प्रतिपादन केले आणि ते सर्वमान्य झाले. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हे गाव १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. पुढे १९५८ साली चापेकरांनी तिथे उत्खनन केले, नंतरही उत्खनने झाली. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून त्या गावचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे पावसाळ्यात पांढरीवरून वाहून आलेले मणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या आणि नाणी वेचून जपत होते. त्यांच्या संग्रहातून तेरचे वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यात हस्तिदंताची एक नाजूक स्त्रीमूर्ती आहे. तशाच घडणीची एक भारतीय हस्तिदंती मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या अवशेषांत मिळालेली आहे. पॉम्पेई इसवी सन ७९मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेरणेच्या काठी ज्या शैलीचे कौतुक होते, तिचे मोल भूमध्य समुद्राच्या काठीही होते, एवढे या दोन मूर्ती मिळून निर्विवाद सांगतात.

या व्यापारामागे व्यवस्था होती. जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे, तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवितात. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांतले २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. हिशेब करून पाहावा, वर्षाचे २४० बरोबर जुळतात. राजाच्या जावयाने कोष्ट्यांच्या संस्थेवर असा भरवसा ठेवावा, ही त्या काळाच्या बाजारपेठेची खरी पत होय. कथेतील विशाखिलाने मुलाच्या नोंदीवर ठेवलेला विश्वास आणि हा विश्वास एकाच जातीचा आहे.

मग हे सारे ओसरले कसे? एका रात्रीत काही झाले नाही. पेरिप्लसच्याच काळात एक अपशकुन घडलेला दिसतो. कल्याण हे पूर्वी राजमान्य बंदर होते. परंतु पुढे तिथे अडथळे उभे राहिले आणि चुकून आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्यात घाटाखालचे बंदर आणि घाटावरची पेठ यांच्यातली वाट राजकारणाने अडविली. तिसऱ्या शतकात सातवाहनांची सत्ता मोडली. त्याच शतकात रोमन साम्राज्य अंतर्गत यादवीने आणि निकस नाण्यांनी खिळखिळे झाले आणि दूरची मागणी आटली. म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी पर्जन्यमानातील घटीकडेही लक्ष वेधले आहे. तेरच्या पांढरीत सातवाहनकाळचे थर जितके संपन्न आहेत, तितके त्यावरचे नाहीत. हैदराबादपासून फार दूर नसलेल्या कोंडापूरची कथाही तीच. तिथेही नाणी, मणी आणि मृण्मूर्ती यांनी भरलेले सातवाहनकालीन नगर मातीखाली निघाले आणि वर फक्त टेकाडे उरली होती.

रामशरण शर्मा यांनी १९८७च्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानभरच्या अशा उत्खननांचा आढावा घेऊन, सुमारे ३०० ते १००० या काळात नगरे क्षीण झाली आणि त्यांची जागा स्वयंपूर्ण ग्रामजीवनाने घेतली, असा सिद्धांत मांडला. त्यावर आक्षेपही आले. काही नगरे मोडली तशी काही नव्याने उभीही राहिली, सर्व देशाला एकच माप लावता येत नाही, असे इतर इतिहासकारांनी दाखवून दिले. तेरचे उदाहरण दोन्ही पक्षांना थोडेथोडे उपयोगी आहे. व्यापार ओसरल्यावरही तिथे विटांची सुंदर देवळे होती. आज त्रिविक्रमाचे देऊळ म्हणून ओळखली जाणारी गजपृष्ठाकार वास्तू अजून उभी आहे. गाव मेले नाही. त्याचे जगणे बदलले.

ते कसे बदलले, हे पाहण्यासाठी हजारएक वर्षे ओलांडून यादवकाळात यावे लागते. आता तेर हे नाव उच्चारताच कोणाला मलमल आठवत नाही. आठवतात ते गोरोबाकाका. निरनिराळ्या देशींचा माल जिथे एकवटत होता, ते गाव आता एका कुंभाराच्या नावाने ओळखले जाते. यात उणेपणा कोणी मानू नये. मराठी मनाने तगरच्या साऱ्या श्रेष्ठींना विसरून गोरोबांना लक्षात ठेवले, यात त्या मनाची एक निवड आहे. परंतु अर्थव्यवहाराच्या दृष्टीने पाहता हा बदल मोठा आहे. पेठेतला कुंभार दूरच्या गिऱ्हाइकासाठी मडकी घडवितो. गावगाड्यातला कुंभार गावाला लागतील तेवढी मडकी घडवितो आणि सुगीला आपले बलुते घेतो. पहिल्याचा हिशेब नाण्यांत होतो, दुसऱ्याचा धान्याच्या राशीवर.

या दुसऱ्या व्यवस्थेला आपण स्वयंपूर्णता म्हणतो आणि तो शब्द उच्चारताना आपला स्वर थोडा हळवा होतो. तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. राज्ये आली, गेली; सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट यांच्यासह गाव उभे राहिले. बाजार मोडला तरी नांगराचा फाळ शेवटून मिळत होता. राष्ट्रकूटांसारख्या बलाढ्य घराण्याची नाणी आज जवळजवळ मिळत नाहीत. पण त्यांचे ताम्रपट मिळतात, वेरूळचे कैलास लेणे मिळते. नाण्याच्या टंचाईतही समाज काही घडवीत होता, हे यावरून दिसते.

पण त्या स्वयंपूर्णतेचा जमाखर्च मांडताना खर्चाची बाजूही लिहिली पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त ती निर्भीडपणे मांडली. धंदा जातीला बांधलेला, जात गावाला बांधलेली आणि हक्क वतनाला बांधलेला. चांगले आणि वाईट काम यांचा मोबदला पुष्कळदा सारखाच. मग कारागिराने हात कशाला सुधारावा? ज्यांच्या वाट्याला गावकुसाबाहेरची जागा आली, त्यांना तर ही व्यवस्था बाहेर पडण्याची वाटच ठेवीत नव्हती. कथेतल्या त्या पोरक्या मुलाला अशा गावात नेऊन बसवावे. त्याच्या वडिलांचे वतन भाऊबंदांनी बळकावलेले, चव्हाट्यावर परके कोणी येत नाही, लाकूड ज्याचे त्याने आणायचे. त्या गावात तो हुशार असूनही आयुष्यभर दुसऱ्याच्या ओसरीवर बसून राहिला असता. स्वयंपूर्ण गावात भूक कमी असेल, पण नशीब उलटविण्याची जागाही कमी असते.

आणि खरे पाहता पूर्ण स्वयंपूर्णता कधी नव्हतीच. घाटावरच्या कोणत्याही गावाने आपले मीठ आपण पिकविले नाही. मीठ समुद्रावरून येई, घाट चढून येई, वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून येई. लोखंडाचेही पुष्कळदा तसेच. म्हणून गावाने बाहेरच्या जगाकडे पाठ फिरविली तरी आठवड्याचा बाजार राहिला, कसबा राहिला, पेठ राहिली, शेट्या-महाजन राहिले. आणि सतत पाऊस चुकला, तेव्हा केवळ आपल्या पेवावर भरवसा ठेवणारी गावे किती उघडी पडतात, हे १६३०च्या दुष्काळाने दाखविले. देहूच्या वाण्याच्या घराचे दिवाळे त्याच दुष्काळात निघाले आणि घरची माणसे अन्नावाचून गेली. त्या घरातल्या तुकोबांनी पुढे महाराष्ट्राला जे दिले ते अमोल आहे. परंतु त्यासाठी दुष्काळाचे आभार मानण्याइतके आपण निर्दय नसावे.

पैठणचे नशीब तेरहून थोडे वेगळे निघाले. तिथलाही दूरदेशीचा व्यापार मंदावला; पण दोन गोष्टी टिकल्या, हातमाग आणि विद्या. कापड विणणारा हात पैठणीच्या रूपाने शतकानुशतके प्रसिद्ध राहिला, कारण त्याला गावाबाहेरचे गिऱ्हाईक मिळत राहिले. तीर्थक्षेत्र म्हणून आणि शास्त्रार्थाचे पीठ म्हणून देशोदेशीची माणसे येत राहिली. सोळाव्या शतकात एकनाथांनी जेव्हा ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा त्यामागे निरनिराळी हस्तलिखिते पाहण्याची सोय असलेले गाव होते. चव्हाटा शिल्लक असला की उंदरापासून काही ना काही उभे राहते.

तगरच्या नावाचेही एक नवल सांगण्यासारखे आहे. नगराचे वैभव गेले, त्यानंतर कित्येक शतकांनी कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्याला तगरपुराचे स्वामी म्हणवीत होते. कोल्हापूरकरांच्या लेखांत ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद येते. ते राज्य करीत होते दुसरीकडे. तगरवर त्यांची सत्ता नव्हती. पण आपण मूळचे त्या श्रेष्ठ नगराचे, ही ओळख त्यांनी सोडली नाही. मूळ गावापासून दूर जाऊन वसलेल्या आणि तरीही ते नाव उराशी बाळगणाऱ्या माणसांचे मन मराठी समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, गोवे, इथल्या कित्येक घरांत असे एखादे बिरुद आडनावाच्या रूपाने नांदते आहे. मात्र बिरुद जपणे निराळे आणि नगर जपणे निराळे. शिलाहारांच्या बिरुदाने तेरच्या मागावर एक धागाही वाढला नाही.

आता पुन्हा कथेतल्या नगराकडे वळू. त्या गुणाढ्याचे पुढे काय झाले? तो सातवाहन राजाचा मंत्री झाला. राजाला संस्कृत शिकविण्याच्या पैजेत तो हरला आणि संस्कृत, प्राकृत व देशी अशा तिन्ही भाषांचा त्याग करून रानात गेला. तिथे त्याने पैशाची भाषेत, आपल्या रक्ताने, सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. राजाने ती हेटाळून परत पाठविली. तेव्हा गुणाढ्याने टेकडीवर अग्नी पेटविला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत तो ते आगीत टाकू लागला. रानातली जनावरे चरणे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. राजाला खबर लागून तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळले होते. एक लाख तेवढे वाचले.

ही दंतकथा आहे. पण ग्रंथाच्या बाबतीत इतिहासाने जवळजवळ तेच केले. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. प्रतिष्ठानच्या मातीत तिचे एक पानही सापडलेले नाही. ती वाचली ती प्रतिष्ठानच्या बाहेर. काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने आणि सोमदेवाने ती संस्कृतात आणली. बुधस्वामीने केलेल्या रूपांतराची हस्तलिखिते नेपाळात मिळाली. जैन परंपरेत संघदासांनी ‘वसुदेवहिंडी’च्या रूपाने तिचे धागे प्राकृतात राखले. गोदाकाठची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट हिमालयाच्या पायथ्याशी टिकली, ती कोणीतरी नेली म्हणून, कोणीतरी नक्कल केली म्हणून, कोणीतरी आपल्या भाषेत पुन्हा सांगितली म्हणून. मालाला जो नियम, तोच ग्रंथाला. गाडीवर चढलेली मलमल भडोचला पोचली. पेटीत राहिलेली कसरीने खाल्ली.

या व्याख्यानाचे तात्पर्य ग्रंथालयाच्या सभासदांना वेगळे सांगावे लागेल असे नाही. शंभर वर्षांची संस्था ही एक पेठच असते. कपाटे भरली, इमारत स्वतःची झाली, ठेवी बँकेत पडल्या, की संस्थेला स्वयंपूर्ण झाल्याचे समाधान वाटू लागते. तेही मिळवायला पिढ्या खर्ची पडतात, म्हणून ते समाधान खोटे नव्हे. परंतु वर्गणीदारांची यादी दरवर्षी आखडत असेल, नवे पुस्तक आले तरी न्यायला कोणी येत नसेल आणि शेजारच्या भाषेतला वाचक उंबरठ्यापर्यंतही फिरकत नसेल, तर तिथे तेरणाकाठच्या थरांसारखा एक थर निमूटपणे चढत असतो. तो आवाज करीत नाही. वार्षिक अहवालातही तो दिसेलच असे नाही. देवघेवीच्या नोंदवहीत मात्र दिसतो.

म्हणून ग्रंथालयाच्या दारात एक चव्हाटा राखावा. तिथून तेलुगू, कन्नड, हिंदी, गुजराती, कोंकणी बोलणारी माणसे जावीत-यावीत. त्यांची पुस्तके मराठीत यावीत, मराठीची त्यांच्याकडे जावीत. उन्हातून आलेल्या वाचकाला पाण्याची घागर आणि मूठभर हरभरे मिळावेत. आणि एखादा पोरका, अनोळखी मुलगा काही उचलून न्यायला आला, तर त्याची लेखी नोंद करून घेऊन, न हसता, त्याला ते न्यायला द्यावे. तो काय परत आणील, हे विशाखिलालाही आधी ठाऊक नव्हते.